‘ट्राय’ची किंमत आणि पंधरा नावांची यादी

रग्बीच्या खेळातला सगळ्यात मोठा पराक्रम कोणता? अंडाकृती चेंडू छातीशी घट्ट धरायचा, अंगावर धावून येणारी माणसं कधी चुकवायची, कधी अंगावर घ्यायची आणि प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडून तो चेंडू जमिनीला टेकवायचा. याला आज पाच गुण मिळतात. खेळाडूला एका कृतीतून मिळवता येणारे हे सर्वांत जास्त गुण. आणि या पराक्रमाला नाव काय, तर ‘ट्राय’. म्हणजे प्रयत्न! कबड्डीत चार गडी बाद करून मध्यरेषेला हात लावणाऱ्या खेळाडूला कोणी म्हटलं, ‘प्रयत्न बरा होता हो तुझा’, तर त्याला काय वाटेल? रग्बीत मात्र गेली दीडशे वर्षं हेच चाललं आहे.

या नावामागे एक जुना हिशेब आहे. इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेतल्या मुलांनी १८४५ साली या खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले. त्या काळी चेंडू रेषेपलीकडे टेकवला, की गुण मिळायचे नाहीत. मिळायचा तो फक्त एक हक्क. ‘आता तुम्ही गोलाकडे किक मारण्याचा प्रयत्न करू शकता’, एवढाच. किक आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेली तर गोल. नाही गेली, तर सगळी धावाधाव फुकट. सामना जिंकायचा तो गोलांवर. म्हणजे पंधरा-वीस जणांनी रक्त आटवून चेंडू पुढे न्यायचा आणि निकाल लावायचा एका माणसाच्या पायाने. ‘ट्रायची किंमत किती आणि किकची किती’ हा रग्बीशौकिनांचा वाद तिथून सुरू झाला. तो आजही संपलेला नाही. प्रत्येक विश्वचषकात तो नव्याने पेटतो आणि त्याच्या जोडीला पेटतो दुसरा वाद : संघात घ्यायचं कोणाला? आज या दोन्ही वादांचा इतिहास पाहू या. वरवर दोन्ही खेळापुरते वाटतात. पण त्यातला एक कागद-पेन्सिल घेऊन मिटवता येतो, दुसरा येत नाही.

रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरा इथे झाला, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात. एकेका बाजूला वीस-वीस खेळाडू. स्कॉटलंडने एक गोल आणि एक ट्राय मिळवला, इंग्लंडच्या पदरात नुसता एक ट्राय पडला. सामना स्कॉटलंडने जिंकला. पण गंमत पाहा. या पहिल्याच सामन्यातल्या स्कॉटलंडच्या पहिल्याच ट्रायवर वाद झाला! इंग्लंडचं म्हणणं, तो वैध नव्हता. पंच होते आल्मंड नावाचे एक शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी ट्राय मान्य केला. पुढे या प्रसंगाबद्दल लिहिताना त्यांनी एक मासलेवाईक मत मांडलं. पंचाला शंका असेल, तेव्हा जी बाजू जास्त आरडाओरडा करते तिच्या विरुद्ध निर्णय द्यायला हरकत नाही. बहुधा चूक त्यांचीच असते! वर्गात पोरं सांभाळलेल्या माणसाचाच हा निवाडा.

दुसरा मोठा वाद १८८४ सालचा. सामना पुन्हा याच दोन देशांत होता आणि तो खेळला जात होता ‘कलकत्ता कप’साठी. होय, आपल्या कलकत्त्याचाच कप. तिथल्या गोऱ्या साहेबांनी काढलेला रग्बी क्लब १८७८ साली मोडीत निघाला. तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवले, त्यांचा कप घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा कप आजही इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यातल्या विजेत्याला मिळतो.

तर १८८४ च्या त्या सामन्यात एका स्कॉटिश खेळाडूच्या हाताने चेंडू मागे ढकलला गेला. इंग्लंडने तो उचलून ट्राय केला. स्कॉटलंडचे लोक म्हणाले, ‘आमच्या नियमाप्रमाणे हाताने असा चेंडू ढकलणं हा दोष आहे, तेव्हा खेळ तिथेच थांबायला हवा होता.’ इंग्लंडने उत्तर दिलं, ‘दोष तुमचा, आणि त्याचा फायदाही तुम्हालाच?’ वाद इतका विकोपाला गेला, की १८८५ साली या दोन देशांत सामनाच झाला नाही. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी मिळून नियम ठरवणारं आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं. इंग्लंड रुसून बाहेर बसलं, ते १८९० साली आत आलं. आज जगभरचं रग्बी चालवणारी संस्था याच भांडणातून जन्माला आली आहे.

पुढे गोलांची मोजणी जाऊन गुणांची पद्धत आली आणि ट्रायचा भाव हळूहळू चढू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आधी एक गुण, मग दोन आणि १८९३-९४ च्या सुमारास तीन. पेनल्टी किकलाही तीनच. ट्रायनंतरच्या किकला, म्हणजे ‘कन्व्हर्जन’ला, दोन. चेंडू जमिनीवर टप्पा खाऊन उसळताच मारलेल्या ‘ड्रॉप गोल’ला चक्क चार! ट्रायपेक्षा जास्त. ते १९४८ साली तीनवर आणले गेले. ट्राय मात्र त्यापुढेही दोन तपांच्या आसपास तीन गुणांवरच अडकून पडला होता.

हा भाव किती अपुरा होता, ते १८ जुलै १९५९ रोजी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावी दिसलं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांचा मिळून ‘लायन्स’ नावाचा संघ होतो. तो न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ विरुद्ध खेळत होता. लायन्सनी चार ट्राय केले. ऑल ब्लॅक्सना एकही करता आला नाही. पण त्यांच्याकडे डॉन क्लार्क नावाचा धिप्पाड खेळाडू होता. त्याने सहा पेनल्टी किक मारल्या. सहा त्रिक अठरा. लायन्सचे चार ट्रायचे बारा, एका कन्व्हर्जनचे दोन आणि एका पेनल्टीचे तीन, एकूण सतरा. न्यूझीलंड १८, लायन्स १७. शेवटची काही मिनिटं उरेपर्यंत लायन्स पुढे होते. तेव्हा मैदानावरचे न्यूझीलंडचेच प्रेक्षक पाहुण्यांच्या नावाने ओरडू लागले होते, असं सांगतात. आपला संघ जिंकतोय, पण ते जिंकणं घशाखाली उतरत नाही, अशी ती अवस्था.

आजच्या हिशेबाने हाच सामना मांडला, तर लायन्सचे चार ट्रायचे वीस धरून २५ गुण होतात आणि न्यूझीलंडचे १८ च राहतात. म्हणजे निकाल उलटा. १९७१ साली ट्रायला चार गुण मिळू लागले, १९९२ साली पाच. अशा सामन्यांवरून झालेल्या चर्चाच हा भाव वाढण्यामागे होत्या.

मग कोणी म्हणेल, पेनल्टीचे गुणच कमी करून टाका ना! तीनाचा एक करा. पण इथे या खेळाची खरी मेख आहे. पेनल्टी मिळते ती प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला म्हणून. ती स्वस्त केली, तर गोलरेषेजवळ आलेल्या संघाला कोणीही बिनदिक्कत नियम मोडून अडवेल. ‘ट्राय गेला तर पाच, पेनल्टी गेली तर एक’ असा व्यवहार कोणाला परवडणार नाही? म्हणजे किकचे तीन गुण हे नुसत्या पायाच्या कसबाचं बक्षीस नाही, ती नियम मोडणाऱ्याला केलेली शिक्षाही आहे. बक्षीस फार वाढवावं, तर खेळ पोरखेळ होतो. शिक्षा फार कमी करावी, तर गुंडगिरी माजते. गुणांचे आकडे बदलत राहिले ते हा तोल सापडावा म्हणून.

तोल साधण्याचा आणखी एक प्रयत्न म्हणजे बोनस गुण. २००३ च्या विश्वचषकापासून साखळी फेरीत विजयाला चार गुण, त्याखेरीज चार ट्राय केले तर एक जादा आणि सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी एक. हेतू चांगला. पण २०१५ मध्ये जपानला तो महागात पडला. इंग्लंडमधल्या ब्रायटन इथे दक्षिण आफ्रिका जपानविरुद्ध ३२-२९ अशी पुढे होती. अगदी शेवटच्या क्षणी जपानला पेनल्टी मिळाली. सरळ किक मारली असती, तर सामना बरोबरीत सुटला असता. दोनदा विश्वविजेत्या झालेल्या संघाशी बरोबरी! प्रशिक्षक एडी जोन्स यांचाही कल तिकडेच होता. कर्णधार मायकेल लीचने मात्र किक नाकारली आणि ट्रायचा ध्यास घेतला. कोपऱ्यात ट्राय झाला. जपान ३४, दक्षिण आफ्रिका ३२. विश्वचषकातला तो सर्वांत धक्कादायक निकाल मानला जातो. आणि तरीही जपान उपांत्यपूर्व फेरीत गेलं नाही. गटात दक्षिण आफ्रिका, स्कॉटलंड आणि जपान या तिघांनी तीन-तीन सामने जिंकले होते. पण बोनस धरून दक्षिण आफ्रिकेचे १६, स्कॉटलंडचे १४ आणि जपानचे नुसते १२. साखळीत तीन सामने जिंकूनही बाहेर पडलेला विश्वचषकातला तो पहिला संघ. एकीकडे ट्रायसाठी जीव टाकणारा संघ म्हणून टाळ्या आणि दुसरीकडे ‘ट्राय कमी पडले’ म्हणून घरी रवानगी! चाहत्यांनी यावर रात्र-रात्र वाद घातले असतील, तर नवल नाही.

इथवर झाला तो गुणांचा वाद. आता पुन्हा ड्युनेडिनच्या त्या १९५९ सालाकडे जाऊ या. कारण त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये दुसरा वादही पेटत होता, आणि तो गुणांपेक्षा किती तरी खोल होता.

पुढच्या वर्षी, १९६० मध्ये, ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जाणार होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य होतं. तिथल्या गोऱ्यांच्या संघाला, ‘स्प्रिंगबॉक’ना, समोर गोरेतर खेळाडू चालत नसत. आणि न्यूझीलंडच्या संघात तर तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे माओरींपैकी, एकाहून एक खेळाडू होऊन गेलेले. न्यूझीलंडचं रग्बी मंडळ काय करायचं? दक्षिण आफ्रिकेला जायचं असलं, की माओरींना यादीतून वगळायचं! १९२८ साली असंच झालं होतं. जॉर्ज नेपिया हा त्या काळचा थोर माओरी खेळाडू. १९२४-२५ च्या ब्रिटन-फ्रान्स दौऱ्यात ऑल ब्लॅक्स एकही सामना हरले नाहीत आणि नेपियाने त्यातला एकही सामना चुकवला नाही. तीन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात मात्र त्याचं नाव नव्हतं. खेळ कमी पडला म्हणून नव्हे, जन्माने माओरी होता म्हणून. १९४९ सालीही तेच.

१९६० च्या दौऱ्याआधी मात्र लोक उठले. ‘माओरी नाहीत, तर दौरा नाही’ ही घोषणा गावोगाव गेली. दीड लाखाहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. सगळ्या देशाची लोकसंख्याच तेव्हा पंचवीस लाखांच्या आत, त्यावरून या आकड्याचं वजन लक्षात यावं. दौरा तरीही गेला, माओरींना न घेताच. पण १९६७ चा ठरलेला दौरा न्यूझीलंडने याच कारणावरून रद्द केला. १९७० मध्ये माओरी खेळाडूंना प्रवेश मिळाला, तोही कसा, तर ‘मानद गोरे’ म्हणून! हे शब्द ऐकताना आजही अंगावर काटा येतो. माणसाला मान द्यायचा, पण आधी त्याचा रंग पुसून.

१९७६ मध्ये ऑल ब्लॅक्स पुन्हा दक्षिण आफ्रिकेला गेले, तेव्हा त्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला आले आणि तो शांत देश दुभंगला. हॅमिल्टनमध्ये निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत एका छोट्या विमानातून मैदानावर पिठाच्या पुड्या टाकल्या गेल्या. तो सामना न्यूझीलंडने २५-२२ असा जिंकला, तोही अखेरच्या क्षणीच्या पेनल्टी किकवर. एरवी अशा किकवर वर्षभर वाद झाला असता. पण त्या दिवशी घराघरांत भांडण होतं ते निराळंच : हा सामना व्हायलाच हवा होता का?

खुद्द दक्षिण आफ्रिकेत काय होतं? एक गैरसमज असा, की तिथे रग्बी हा फक्त गोऱ्यांचा खेळ होता. तसं नाही. पूर्व केप भागात मिशनरी शाळांमधून एकोणिसाव्या शतकापासून कृष्णवर्णीय मुलं रग्बी खेळत आली आहेत. त्यांचे क्लब होते, त्यांच्या स्पर्धा होत्या. फक्त स्प्रिंगबॉकच्या यादीचं दार त्यांना बंद होतं. म्हणून स्प्रिंगबॉकचा सामना असला, की कृष्णवर्णीय प्रेक्षक त्यांच्यासाठी राखलेल्या वेगळ्या कोपऱ्यात उभे राहून पाहुण्या संघाला प्रोत्साहन देत. ज्या संघात आपला एकही माणूस असू शकत नाही, तो आपला कसा? एरॉल टोबायस हा स्प्रिंगबॉककडून कसोटी खेळणारा पहिला गोरेतर खेळाडू. साल १९८१. म्हणजे दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय रग्बी सुरू केल्यानंतर तब्बल नव्वद वर्षांनी.

वर्णभेदामुळे १९८७ आणि १९९१ च्या पहिल्या दोन विश्वचषकांत दक्षिण आफ्रिका नव्हती. १९९५ चा विश्वचषक मात्र तिच्याच घरी झाला. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले होते. अनेक सहकाऱ्यांना स्प्रिंगबॉक हे जुलमाचं चिन्ह कायमचं पुसून टाकायचं होतं. मंडेलांनी ते राखलं. अंतिम सामन्याला ते कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा सहा नंबरचा जर्सी घालून आले, हे दृश्य जगाने पाहिलं. त्या सामन्यात एकही ट्राय झाला नाही. जोएल स्ट्रान्स्कीने एकट्याने सगळे पंधरा गुण किकवर मिळवले. न्यूझीलंडचे बाराही तसेच, किकचे. जादा वेळेत १५-१२. पण त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत ट्रायचा हिशेब कोणी विचारला नाही.

त्या संघात गोरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. देशभरच्या भिंतींवर त्याची भित्तिचित्रं लागली होती, पण तो स्वतः दुखापतीमुळे सुरुवातीला संघाबाहेर होता. कॅनडाविरुद्धच्या सामन्यात मारामारी झाली, पीटर हेन्ड्रिक्सवर बंदी आली आणि विल्यम्सला जागा मिळाली. पुढच्याच सामन्यात, वेस्टर्न सामोआविरुद्ध, त्याने चार ट्राय केले. काही वर्षांनी निघालेल्या त्याच्या चरित्रात मात्र संघातल्या एकटेपणाच्या कडू आठवणी आहेत. भिंतीवर चेहरा असणं आणि ड्रेसिंग रूममध्ये आपलं माणूस म्हणून असणं, यांत किती अंतर असतं, ते त्यातून कळतं.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षं दक्षिण आफ्रिकेत निवडीचा वाद धुमसतच राहिला. एका बाजूचं म्हणणं : संघ गुणवत्तेवरच निवडा, रंगाची गणती आता पुरे. दुसरी बाजू विचारायची : गुणवत्ता तयार होते चांगल्या शाळांत, चांगल्या मैदानांवर, चांगल्या आहारावर. ते पिढ्यान् पिढ्या कोणाला मिळालं? २००७ ला दक्षिण आफ्रिकेने पुन्हा विश्वचषक जिंकला, पुन्हा अंतिम फेरीत एकही ट्राय न करता, १५-६. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या पंधरांत गोरेतर दोन : ब्रायन हबाना आणि जे. पी. पीटरसन. २०१५ मध्ये तर एका छोट्या राजकीय पक्षाने संघाला विश्वचषकाला जाण्यापासून रोखावं म्हणून न्यायालयात धाव घेतली. याचिका फेटाळली गेली, पण प्रश्न फेटाळला गेला नाही.

२००७ चा तो अंतिम सामना पोर्ट एलिझाबेथच्या झ्विडे वस्तीतला सोळा वर्षांचा एक मुलगा गुत्त्यातल्या टीव्हीवर पाहत होता. घरी टीव्ही नव्हता. त्याचं नाव सिया कोलिसी. जन्म १६ जून १९९१, माणसांची रंगानुसार नोंद करणारा कायदा रद्द झाला त्याच्या आदल्या दिवशीचा. शिष्यवृत्ती मिळाली, चांगली शाळा मिळाली, पोटभर जेवण मिळालं आणि २०१८ मध्ये तो स्प्रिंगबॉकचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याच्या पंधरांत सहा गोरेतर खेळाडू होते. आणि त्या दिवशी जे घडलं, ते दोन्ही वादांची गाठ मारणारं आहे. दक्षिण आफ्रिकेने त्याआधी दोन अंतिम सामने एकाही ट्रायशिवाय जिंकले होते. विश्वचषकाच्या अंतिम फेरीतला दक्षिण आफ्रिकेचा पहिला ट्राय केला माकाझोले मापिम्पीने, ईस्ट लंडनजवळच्या एका खेड्यातून आलेल्या, कोणत्याही नामांकित रग्बी शाळेत न शिकलेल्या खेळाडूने. त्याला अखेरचा पास दिला लुखान्यो आमने. दुसरा ट्राय चेस्लिन कोल्बेचा. इंग्लंडचा ३२-१२ असा पराभव झाला. तीन पिढ्यांपूर्वी या तिघांना स्प्रिंगबॉकच्या मैदानात फक्त कुंपणापलीकडे जागा होती.

आता २०२३ च्या फ्रान्समधल्या विश्वचषकाकडे. दोन्ही वाद एकाच स्पर्धेत इतके रंगलेले क्वचितच पाहायला मिळतात. स्पर्धा सुरू असतानाच दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम मार्क्सला दुखापत झाली. मार्क्स हा ‘हूकर’, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडतात त्या स्क्रममध्ये पुढच्या रांगेत मधोमध उभा राहणारा गडी. त्याच्या जागी दुसरा हूकर येईल, असं कोणालाही वाटेल. बोलावण्यात आलं हान्द्रे पोलार्डला, जो किक मारणारा फ्लायहाफ! पोटरीच्या दुखापतीमुळे तो मूळ यादीत नव्हता. काही दिवसांत आयर्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिका ८-१३ अशी हरली. त्या सामन्यात मानी लिबोक आणि फाफ डी क्लर्क यांच्या किक चुकून अकरा गुण वाया गेले होते. राखीव खेळाडूंची तऱ्हा तर त्याहून न्यारी : आठांपैकी सात धिप्पाड फॉरवर्ड आणि एकच बॅक. ‘हा खेळ आहे की कुस्तीचा फड?’ असं काही जण विचारू लागले.

पुढे काय झालं? उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सवर मात, २९-२८. उपांत्य फेरीत इंग्लंडवर, १६-१५. अंतिम फेरीत न्यूझीलंडवर, १२-११. तिन्ही विजय एकेका गुणाने! फ्रान्सविरुद्ध तर कोल्बेने विजेसारखी धाव घेऊन कन्व्हर्जनची किक हवेतच अडवली. किक मारणाऱ्याने धाव सुरू करताच बचाव करणाऱ्यांना पुढे धावता येतं, हा नियम आहे; पण ती अडवली गेलेली फार क्वचित दिसते. ते दोन गुण गेले आणि फ्रान्स एका गुणाने हरलं. इंग्लंडविरुद्ध पोलार्डने शेवटी-शेवटी सुमारे पन्नास मीटरवरून पेनल्टी मारून सामना काढला. अंतिम सामन्यात सगळे बारा गुण त्याचेच. पण निवडीची किंमतही तिथेच चुकवावी लागली. संघातला एकमेव खास हूकर बोंगी म्बोनाम्बी सुरुवातीलाच जखमी झाला आणि सदतीस वर्षांच्या डिऑन फुरीने जवळजवळ सगळा सामना त्या जागेवर रेटून नेला.

न्यूझीलंडच्या चाहत्यांचं म्हणणं, ‘ट्राय आम्ही केला, तुम्ही नाही.’ खरं आहे. बोडेन बॅरेटचा ट्राय हा त्या सामन्यातला एकमेव. त्याआधी आणखी एक ट्राय व्हिडिओ पाहून रद्द झाला होता. पण जरा हिशेब मांडू या. उपांत्य सामन्यात ट्राय दक्षिण आफ्रिकेचा होता, इंग्लंडचे पंधराही गुण किकचे. ट्रायला १९५९ सारखे तीनच गुण असते, तर फ्रान्सने २२-२१ असं दक्षिण आफ्रिकेला उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवलं असतं. तिथून कशीबशी सुटली असती, तरी इंग्लंड १५-१४ ने पुढे गेलं असतं. चार गुण असते, तर ते दोन्ही सामने बरोबरीत : २५-२५ आणि १५-१५. आणि ट्रायला सहा गुण असते, तर अंतिम सामना बरोबरीत, १२-१२. म्हणजे ज्या ट्रायच्या वाढत्या भावाने दक्षिण आफ्रिकेला अंतिम फेरीत आणलं, तोच भाव आणखी एक गुण चढला असता तर तिचा विजय अडला असता. अर्थात नियम बदलला, की खेळण्याची पद्धतही बदलते. हा हिशेब शौकिनांच्या कट्ट्यावरचाच. पण एवढं खरं, की गुणांच्या वादात हरलेल्यालाही कागदावर न्याय मागता येतो. ड्युनेडिनचे लायन्स आजही म्हणू शकतात, ‘आजच्या नियमाने आम्ही २५-१८ ने जिंकलो होतो.’

निवडीच्या वादात ही सोय नाही. गुणांचे नियम पुस्तकात छापले गेले, ते बदलल्याची सालं नोंदली गेली. रंगाचा नियम गुणांच्या पुस्तकात कधीच नव्हता, तरी तोच सर्वांत कडकपणे पाळला गेला. जॉर्ज नेपिया १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत जे सामने खेळलाच नाही, त्यांची फेरमोजणी कशी करणार? पूर्व केपच्या धुळीत चार-पाच पिढ्या खेळून संपलेल्या, यादीपर्यंत नाव न पोहोचलेल्या माणसांच्या खात्यावर किती गुण मांडणार? तिथे गुणाकार करायला आकडाच नाही.

म्हणून पुढच्या एखाद्या विश्वचषकात ‘याला का घेतलं, त्याला का वगळलं’ म्हणून चाहते हमरीतुमरीवर आले, तर त्यांना हसू नये. २०२३ मध्ये हूकरऐवजी किकर का घेतला, यावर दक्षिण आफ्रिकेतले सगळ्या रंगांचे लोक एकाच संघासाठी भांडत होते. त्यांच्यातल्या अनेकांच्या आजोबांना त्या संघाच्या निवडीबद्दल मतच नव्हतं, कारण तो संघ त्यांचा नव्हता.